फॅशन वीकला व्हॉलंटिअर म्हणून जातेस? शो दिसणार नाही, कपडे दिसतील

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशकात फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीची मुंबईच्या फॅशन वीकसाठी बॅकस्टेज व्हॉलंटिअर म्हणून निवड झाली आहे. काम पाच दिवसांचं, मानधन नाही, राहायची सोय आपली आपण करायची. घरचे म्हणतात, ‘फुकट राबायला एवढ्या लांब कशाला जायचं?’ तिला विचारायचंय की जावं का, तिथे नेमकं काय करावं लागतं आणि बरोबर काय न्यावं.

जा. पण कशासाठी जायचं ते समजून जा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारीच रडू येईल. मला आलं होतं.

माझं नाशकात, सिडकोत शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, अल्टरेशन, लग्नसराईत घागरे. आणि गेली सतरा-अठरा वर्षं वर्षातून एकदोनदा मी शोसाठी ड्रेसर म्हणून जाते. सुरुवात तुझ्यासारखीच फुकट झाली. त्याआधी राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांना नाशकातल्या कालिदास नाट्यगृहाच्या विंगेत उभं राहून नटांचे कपडे बदलून दिले होते, एवढीच शिदोरी होती. ती पुरली, ते पुढे सांगते.

पहिली गोष्ट: तुला शो दिसणार नाही. पडद्यापलीकडे गाणं वाजतं, टाळ्या ऐकू येतात आणि तू जमिनीवर गुडघे टेकून कुणाच्यातरी सँडलचा पट्टा लावत असतेस. एक शो जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात तीस-चाळीस लूक, म्हणजे एकेक पूर्ण पेहराव, रॅम्पवरून जाऊन येतात आणि मॉडेल मात्र त्याहून बऱ्याच कमी असतात. म्हणजे प्रत्येकीला दोन, कधी तीन वेळा कपडे बदलायचे. हे बदलणं घडवून आणतो तो ड्रेसर. व्हॉलंटिअरला बहुतेक वेळा हेच काम मिळतं. नाहीतर स्टीमर धरणं, रॅक ढकलणं, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावणं. खुर्च्यांचं काम मिळालं तर मैत्रिणी तुझा हेवा करतील, कारण तिथे नटनट्या दिसतात. मी म्हणेन, मागून घे, पण बॅकस्टेजच घे. चिठ्ठ्या काय, लग्नाच्या हॉलवरही लावता येतात.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी रॅक येतात. प्रत्येक रॅकवर मॉडेलचं नाव आणि फोटो, आणि त्याच क्रमाने तिचे लूक. प्रत्येक लूकच्या हँगरला एक कार्ड असतं: कपडे कुठले, दागिना कुठला, बूट कुठले, पदर डाव्या खांद्यावर की उजव्या. ते कार्ड परीक्षेच्या नोट्ससारखं पाठ कर. मग कार्डावर लिहिलेली प्रत्येक वस्तू खरंच हँगरला आहे का ते हात लावून बघ. डोळ्यांनी नव्हे, हात लावून. कानातल्याची पिशवी असते, पण आत एकच कानातलं असतं, हे दर शोला घडतं. सकाळी अकराला कळलं तर कुणीतरी शोधून आणतं. संध्याकाळी सातला कळलं तर सगळे तुझ्याकडे बघतात.

त्यानंतर स्टीमिंग. खालून वर जायचं, कापड ताणून धरायचं, आणि आधी वाफ एका रुमालावर सोडून बघायची. कारण स्टीमर सुरुवातीला पाणी थुंकतो आणि रेशमावर पाण्याचा थेंब पडला की त्याचं कडं उठतं. जरदोजीवर तर मी वाफ उलट्या बाजूनेच देते. कुणी सांगितलं नसेल तर विचार. विचारलं म्हणून आजवर कुणी मला हाकललेलं नाही.

मग मॉडेल मेकअपला बसतात आणि तुला तासन्‌तास काही काम नसतं. हाच काळ सोन्याचा. बाकीची मुलं फोन काढून बसतात. तू कपडे आतून बघ. हँगरवरून काढायचे नाहीत, ओढाताण करायची नाही. चेन उघडून कपडा तयार ठेवणं हे तुझं कामच आहे, तेवढं करताना आत डोकवायचं.

मी पहिल्या वर्षी एक बिनबाह्यांचा, खांद्याला काहीच नसलेला गाऊन असा उघडला. घेर इतका जड की दोन हातांनी उचलावा लागे. माझ्या डोक्यात प्रश्न, हा अंगावर थांबतो कशाने? नाशकात आम्ही असलं काही शिवलं तर वरची चोळी घट्ट करायचो, आणखी घट्ट करायचो, नवरीला श्वास घेता येत नसे, आणि तरी ती स्टेजवर दर दोन मिनिटांनी चोळी वर ओढायची. या गाऊनच्या आत कमरेला एक वेगळी जाड पट्टी होती, अस्तराला फक्त तीन-चार ठिकाणी पकडलेली, आणि तिला स्वतःचे दोन हुक. आधी ते हुक लावायचे. घागऱ्याचं सगळं वजन त्या पट्टीवर, म्हणजे कमरेवर बसतं. मग वरची चेन. चोळीला काही उचलायचंच नसतं, म्हणून ती सरकत नाही. साधी पट्टी, दोन हुक. कॉलेजच्या वर्गातही हे सांगत असतील, पण मला ते त्या रात्री बोटांना कळलं. परत आल्यावर पहिल्या लग्नाच्या घागऱ्याला मी तशी पट्टी लावली आणि ती आजही माझ्या दुकानाची खासियत म्हणून खपते. घरच्यांना ‘फुकट’चा हिशेब सांगायचा असेल तर तो असा सांग.

आता खरा प्रसंग, म्हणजे बदल. मॉडेल रॅम्पवरून आत आली की धावत तुझ्याकडे येते. हातात मिनिट-दीड मिनिट. तिचा पुढचा लूक तू आधीच मांडून ठेवलेला असतो: चेन पूर्ण उघडी, सगळे हुक सुटे, नाडी सैल, बाह्या आतून सरळ केलेल्या. बूट जमिनीवर, पट्टे उघडे, टाचा तिच्या दिशेला, म्हणजे तिला वळावं लागत नाही. नुसता पाय घातला की झालं. सगळ्यात आधी दागिने उतरवायचे, कारण जाळीच्या कापडात कानातलं अडकलं की दोन्ही जातं. मग बूट, मग कपडे. पुढचा कपडा डोक्यावरून घालायचा असेल तर आधी तिच्या चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकायची, नाहीतर पांढऱ्या गळ्यावर लिपस्टिक छापलीच म्हणून समज. ती बुटात पाय घालेपर्यंत तू मागची चेन ओढतेस. चेनीच्या आत आपलं बोट घालून ओढायची, कातडी अडकली तर आपल्या बोटाची, तिच्या पाठीची नाही. चेन अडली तर पेन्सिलचं शिसं किंवा मेणबत्ती घासायची. आणि चेन तुटलीच तर घाबरायचं नाही. मोठ्या टाक्यांचा धावदोरा घालून मॉडेलला सरळ त्या कपड्यात शिवून टाकायचं. शो संपला की दोरा कापायचा. मी आजवर चौघींना शिवलंय.

या सगळ्यात तोंड बंद. ‘लवकर, लवकर’ म्हणणारे तिथे दहा जण असतात, अकरावी तू नको. शो चालवणारा माणूस कानात हेडफोन लावून लाइनअपजवळ, म्हणजे मॉडेल रांगेत उभ्या राहतात तिथे, उभा असतो. अडचण आली तर मॉडेलचं नाव आणि काय अडलंय ते सांगायचं. ‘अमुक, तिसरा लूक, चेन गेली, एक मिनिट.’ तेवढ्यात तो क्रम बदलतो. सगळ्यात वाईट व्हॉलंटिअर तो, जो चूक लपवतो.

मीही लपवली होती, म्हणून सांगते. दुसरा दिवस, हस्तिदंती रंगाचं शुद्ध रेशीम, आणि बाहीचा सुटलेला काठ टाचताना सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब मनगटावरच्या कापडावर, मोहरीएवढा. मी बाही आत दुमडली आणि गप्प बसले. शेजारी एक वयस्क दर्जी होते, डिझायनरच्या कारखान्यातले. त्यांनी बघितलंच. काही न बोलता त्यांनी पांढऱ्या सुती दोऱ्याचा एक गुंडा केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘चावा.’ मला कळेना. ‘रक्त तुमचं, तर थुंकी पण तुमचीच.’ मी तो दोरा तोंडात घोळवून ओला केला आणि त्यांनी सांगितलं तसा डागावर टेकवत राहिले. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. तीन-चार वेळा दोरा बदलला आणि डाग गेला. ताज्या, बारीक डागावर हे चालतं, वाळलेल्यावर नाही. मी रडले ती त्यानंतर, मागच्या जिन्यावर बसून. चूक झाली म्हणून नाही, लपवायला निघाले होते म्हणून.

हात या विषयावर आणखी एक. मुंबईचा शो साधारण मार्चमध्ये असतो, आणि आपल्याकडे रंगपंचमी त्याच सुमाराला. एका वर्षी मी निघायच्या आदल्या दिवशी भावाचे रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरलेल्या दगडी हौदात, बुचकळलेले कपडे हातानं धुतले. रहाडीचा रंग कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको. बोटं पिवळी, नखं पिवळी, साबण-लिंबू काही उपयोग नाही. तिथल्या प्रमुख बाईंनी माझे हात बघितले आणि पाचही दिवस मला काळ्या कपड्यांच्या रॅकवर बसवलं. त्या चिडल्या नाहीत. पण माझ्या समोरून तो सगळा मलमलीचा, पांढऱ्यावर पांढऱ्या भरतकामाचा संग्रह गेला आणि मला बोट लावता आलं नाही. तेव्हा तू यंदा रहाडीतला धप्पा, म्हणजे लोकांच्या उड्या, लांबूनच बघ. मेंदी नको, ताजं नेलपॉलिश नको, हाताला तेलकट क्रीम नको. आणि डब्यात आईने चिवडा दिला तर चमच्याने खा, हळदीचा डाग चेष्टा नाही.

तू नाशिकची आहेस याचा उलटा फायदाही आहे, तो विसरू नकोस. तिथे भेटणाऱ्या मुलामुलींना ड्रेपिंगचे इंग्रजी शब्द तोंडपाठ असतात, पण पैठणी हातात घेतलेली नसते. एकदा येवल्याच्या मागावर विणलेले पदर लावलेले जॅकेट होते आणि आमच्या टेबलावर गोंधळ, की सुलटी बाजू कुठली? मी म्हटलं, हाताने विणलेला पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो, तीच तर त्याची ओळख. मग विचारलं कुठून आलीस, म्हटलं नाशिक, येवला आमच्याच जिल्ह्यात. पुढचे तीन दिवस साड्यांचं सगळं काम माझ्याकडे. जरीतून सेफ्टी पिन आरपार घालायची नाही, धागा तुटतो. पिनेखाली कापडाचा चौकोनी तुकडा ठेवायचा आणि शक्य तिथे जरी सोडून रेशमातूनच पिन घ्यायची. निऱ्या एका हातात धरून दुसऱ्या हाताने कमरेत खोचणं आपल्याला आईकडे बघून येतं, त्यांना व्हिडिओ बघावा लागतो. मॉडेल पावणेसहा फुटांची असते, त्यामुळे निऱ्या आपल्या सवयीपेक्षा कमी पडतात, एवढंच लक्षात ठेव.

थोडा इतिहास, कारण तुला तिथे कुणीतरी विचारेलच. डिझायनरांची संघटना, फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया, 1998 मध्ये झाली आणि आपल्याकडचा पहिला फॅशन वीक 2000 मध्ये दिल्लीत भरला, लॅक्मेच्या नावाने. 2006 पासून दोन वाटा झाल्या, लॅक्मे मुंबईत आणि कौन्सिल दिल्लीत. 2021 मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले. म्हणून पुढेमागे तुला दिल्लीचंही बोलावणं येऊ शकतं. राजधानी एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते, तेव्हा तेही फार अवघड नाही.

आता घरच्यांचा मुद्दा. तो मला निम्मा पटतो. कपड्यांच्या धंद्यात फुकट राबवून घ्यायची खोड आहे आणि ‘अनुभव मिळेल’ हे वाक्य फार स्वस्त आहे. माझा स्वतःचा नियम असा: पहिल्यांदा फुकट, दुसऱ्यांदा गाडीभाडं आणि जेवण, तिसऱ्यांदा पैसे. तिसऱ्यांदाही फुकटच बोलावलं तर मी दुकान उघडून बसते. पहिल्या वेळीही निघायच्या आधी मेलवर चार गोष्टी विचारून घे: किती वाजता यायचं आणि किती वाजता सुटका, जेवण कुणाचं, रात्री उशीर झाला तर गाडीची सोय आहे का, आणि प्रमाणपत्र कोण देणार. व्यवस्थित लोक सरळ उत्तर देतात. आणि व्हॉलंटिअर व्हायला कुणी तुझ्याकडेच ‘नोंदणी फी’ मागत असेल तर तिथेच थांब. मी एकदा अशी फी भरली आहे, पावतीही मिळाली, शो काही झाला नाही.

राहण्याचं आधी पक्कं कर. ‘पंचवटी एक्स्प्रेसने रोज येजा करीन’ हे डोक्यातून काढ. पंचवटी सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून सुटते, दादरला पोहोचेपर्यंत दहा वाजून जातात. तोपर्यंत तिकडे रॅक लागलेले असतात. परतीची सव्वासहाच्या सुमाराला सीएसएमटीहून निघते, तेव्हा तुझा महत्त्वाचा शो सुरूही झालेला नसतो. शो वेळेवर लागत नाहीत आणि शेवटचा शो संपल्यावर आवराआवर दोन तास चालते. मग उरते रात्रीची कसारा लोकल आणि पुढे शेअर टॅक्सी. मी ते केलंय, बरोबर दोघीजणी होत्या म्हणून केलं. एकटीने करू नकोस. कल्याण-डोंबिवलीची मावशी प्रेमळ असली तरी रात्री साडेअकराला बीकेसीहून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, डोंबिवली म्हणजे झोप चार तासांची. अलीकडचे मुंबईचे शो बहुतेक बीकेसीत असतात, तेव्हा कुर्ला, सायन, बांद्रा या पट्ट्यात कुणी नात्यातलं असेल तर बघ, नाहीतर बरोबरच्या मुली शोधून चौघी मिळून खोली घ्या. सकाळी जायला कुर्ल्याहून बस आणि शेअर रिक्षा आहेत, दादरहून आता भुयारी मेट्रो आहे. रात्री मात्र चौघींनी एकच गाडी.

न्यायचं काय? कपडे काळे, अगदी साधे, पाचही दिवस. बूट सपाट आणि बंद, कारण तुझ्या पायावर टाच येणारच. अंगठी, बांगडी, घड्याळ घरी. केस बांधलेले. अत्तर नको. कमरेला बांधायची पिशवी घे, हातात धरायची नको. तिच्यात तीन आकाराच्या सेफ्टी पिना, छोटी कात्री, टिचबटणं, हुक, दोन्हीकडून चिकटणारी टेप, लहान टॉर्च आणि आधीच ओवून ठेवलेल्या सुया: काळा, पांढरा, लाल, त्वचेच्या रंगाचा दोरा. अंधारात सुई ओवत बसणारी मुलगी ओळखूच येते की पहिलटकर आहे. मास्किंग टेपचं एक रीळ घे, उसन्या आणलेल्या बुटांच्या तळव्यांना लावतात, परत देताना ओरखडे दिसत नाहीत. जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ठेव. काखेत डिओडरंटचा पांढरा पट्टा उमटला की त्याने कोरडंच घासायचं. ओले टिश्यू रेशमाजवळ आणूच नकोस. आणि पाण्यासाठी स्ट्रॉ: ओठ रंगवलेली मॉडेल ग्लासला तोंड लावू शकत नाही. तीन तास तहानलेल्या मुलीच्या हातात कुणी स्ट्रॉ घातलेली बाटली दिली तर ती नाव लक्षात ठेवते.

फोन खिशात. आत मुली कपडे बदलत असतात, तिथे कॅमेरा काढणं हा नुसता नियमभंग नाही, हलकटपणा आहे. कपड्यांचेही फोटो नाहीत, शो होईपर्यंत ते गुपित असतं. घरी दाखवायला लाइनअपच्या पाटीसमोरचा एक फोटो शेवटच्या दिवशी विचारून काढ.

निघायच्या आधी हाताला सवय हवी. कालिदासला किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कुणाचं नाटक असेल तर विंगेत उभी राहा, कपडे बदलून दे. तेही नसेल तर मैत्रिणीला समोर उभं कर, फोनवर नव्वद सेकंद लाव आणि तिचा पंजाबी ड्रेस उतरवून साडी नाही तरी घागरा-चोळी घालून दाखव, दागिन्यांसकट. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतील. विसाव्यांदा दोनवर येशील. उरलेली तीस सेकंदं तिथली घाई देते.

आणि शो संपल्यावर पळू नकोस. टाळ्या झाल्या की सगळे डिझायनरभोवती सेल्फीला गोळा होतात आणि रॅकजवळ कपड्यांचा ढीग पडतो. त्या ढिगापाशी जो थांबतो, हँगर लावतो, कानातल्याची जोडी मोजतो, मलमलीत गुंडाळून पिशव्या बंद करतो आणि कार्डावर टिक करून सही घेतो, त्याचा नंबर लिहून घेतला जातो. माझा असाच घेतला होता, त्याच दर्ज्याने, एका बिलाच्या पाठीवर.

परतीचं तिकीट सहाव्या दिवसाचं काढ, पाचव्याचं नको.